ध्वनिवर्धकाची पेटी आणि तिचा लेप

ध्वनिवर्धकांतून गाणें सुरू झालें म्हणजे ऐकणाराचें मन गाण्यांत रमतें, आणि फार तर आंतील यंत्राच्या करामतीचें त्याला कौतुक वाटतें. ज्या लांकडी पेटींतून तो स्वर बाहेर पडतो तिच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. लक्ष जातें तें तिची रया गेल्यावर. आजोबांच्या वेळचा रेडिओ, जुन्या ग्रामोफोनचें कपाट, बंद पडलेल्या एखाद्या सिनेमागृहांतून आणलेला थोराड ध्वनिवर्धक, यांपैकीं कांहीं तरी धूळ झटकून पुन्हां वापरांत आणावें असें घरांत ठरतें, आणि मग पहिला प्रश्न उभा राहतो तो लेपाचा. बाजारांत आतां असे लेप मिळतात कीं ते एकदां चढविले म्हणजे सहसा ओरखडा उठत नाहीं, पाणी मुरत नाहीं, आणि पुढें कित्येक वर्षें पेटीकडे पाहावें लागत नाहीं. मग जुनें खरवडून काढून असें कवच चढविण्यांत वाईट तें काय? या प्रश्नाचें उत्तर रंगाच्या दुकानांत मिळत नाहीं. तें लेपांच्या इतिहासांत मिळतें.

ध्वनिवर्धकाला पेटी कां लागते, हें प्रथम पाहिलें पाहिजे. रेडिओच्या आरंभीच्या दिवसांत बहुतेक ध्वनिवर्धक कर्ण्याचे असत. आवाज मोठा निघे, पण त्यांत खर्ज नसे, आणि मनुष्याचें बोलणें नाकांतून आल्यासारखें वाटे. १९२५ सालीं अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या दोघां शास्त्रज्ञांनीं, चुंबकाच्या फटींत हालणारें तारेचें वेटोळें आणि त्याला जोडलेला कागदी शंकु, अशी रचना सिद्ध केली. पुढच्याच वर्षीं ती ‘रेडिओला १०४’ या नांवानें पेटींत बसून बाजारांत आली. आजचे बहुतेक ध्वनिवर्धक याच घराण्यांतले आहेत.

या शंकूला एक जन्मजात खोड आहे. तो पुढें सरकतो तेव्हां समोरची हवा दाबली जाते, आणि त्याच क्षणीं पाठीमागची हवा विरळ होते. शंकु उघडा ठेवला तर पुढची लाट आणि मागची लाट कडेवरून वळून एकमेकींना मिळतात व एकमेकींना मारतात. खर्जाच्या लाटा लांब असतात, त्यामुळें हा मार त्यांनाच अधिक बसतो. दोन्ही लाटांच्या मध्यें भिंत उभी करावी लागते, आणि ती भिंत म्हणजेच पेटी. पुढें १९३२ सालीं बेल प्रयोगशाळेंतील आल्बर्ट थुरास यांना एका युक्तीचें पेटंट मिळालें. पेटीला मोजून छिद्र ठेवून मागच्या लाटेलाच खर्जाच्या कामाला लावण्याची ही युक्ति होती. १९५४ सालीं एडगर व्हिल्चर यांनीं याच्या उलट वाट धरली. त्यांनीं पेटी अगदीं बंद केली आणि आंत कोंडलेल्या हवेलाच शंकूची स्प्रिंग बनविलें. दोन्ही युक्त्यांचा मुख्य आधार एकच: पेटी घट्ट असली पाहिजे. तंबोऱ्याच्या भोपळ्यानें स्वतः बोलावें अशी अपेक्षा असते, पण ध्वनिवर्धकाच्या पेटीनें स्वतः गप्प राहावयाचें असतें. सांधा सुटला, प्लायवुडचे पदर उकलले, पाठीची फळी वाकली, कीं ती मध्येंच कुरकुर करूं लागते. लेपानें आवाज गोड होतो ही समजूत खरी नाहीं. लेपाचें काम ओल, हात आणि ऊन यांच्यापासून पेटी जशीच्या तशी राखण्याचें आहे.

यांपैकीं ओल हा मोठा शत्रु. लांकूड कापून, रंधून, सांधून कितीहि वर्षें झालीं तरी हवेंतील ओलावा घेणें आणि सोडणें तें थांबवीत नाहीं. ओलावा घेतला कीं तें धाग्याच्या आडव्या दिशेनें फुगतें, लांबीला मात्र जवळजवळ वाढत नाहीं. सांध्यांवर ताण येतो तो या विषमतेमुळें. पूर्वींच्या पेट्यांवर अक्रोडाचा किंवा महोगनीचा पातळ पापुद्रा सरसानें डकविलेला असे, आणि सरस म्हणजे जनावरांच्या कातड्याहाडांचा अर्क. दमट हवेंत तो मऊ पडतो. मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ या दिवशीं, म्हणजे ऐन पावसाळ्यांत, सुरू झालें. विलायतेच्या कोरड्या दिवाणखान्यांसाठीं बांधलेल्या रेडिओच्या पेट्यांना पश्चिम किनाऱ्यावरचे चार महिने काय करितात, याचा अनुभव मग घरोघर येऊं लागला. कोपऱ्यांतून पापुद्रा सुटे, झिलईवर पांढरट मळभ येई, आणि पाठीमागच्या फळीला बुरशीचा वास येई.

या लांकडाला झांकणारी आपल्या देशांतील फार जुनी वस्तु म्हणजे लाख. अथर्ववेदाच्या पांचव्या कांडांत एक सबंध सूक्त लाक्षेला उद्देशून आहे, आणि तेथें ती शोभेसाठीं आलेली नाहीं. जखम भरून आणणारें औषध म्हणून आलेली आहे. महाभारतांत वारणावताच्या लाक्षागृहाची कथा आहे, आणि लाख किती सहज पेट घेते हें त्या कथाकाराला पक्कें ठाऊक होतें. जखम सांधणें आणि पेट घेणें, हे दोन्ही गुण पुढच्या साऱ्या इतिहासांत लेपांच्या बरोबर चालत आले आहेत.

लाख हा एका बारीक किड्याचा उद्योग आहे. पळस, बोर आणि कुसुंब या झाडांच्या कोंवळ्या डहाळ्यांवर हे किडे असंख्य मिळून चिकटून बसतात, साल भेदून रस शोषतात, आणि आपल्या अंगाभोंवतीं राळेचें घर बांधतात. घराला घर मिळून डहाळीभोंवतीं जाड पूट तयार होतें. या लक्षावधि संख्येवरूनच ‘लाख’ हें नांव पडलें असें परंपरेनें मानलें जातें. छोटा नागपूरच्या पठारावरील मुंडा, उरांव इत्यादि आदिवासी लोकांच्या घरांत भाताच्या शेताइतकाच या झाडांचा आधार असे. डहाळ्या तोडून, पूट खरवडून, दळून व धुवून लाखदाणा निघे. धुण्याच्या पाण्यांत लाल रंग उतरे, आणि एके काळीं या रंगालाच मोठी किंमत होती. १८५६ सालीं विल्यम पर्किन यानें डांबरापासून जांभळा रंग काढला, त्याच्या मागोमाग इतर कृत्रिम रंग आले, आणि लाखेच्या रंगाचा व्यापार बसला. राळेचा व्यापार मात्र वाढतच गेला.

लाखदाण्याचा चपडा करण्याची जुनी रीत पाहण्यासारखी होती. मिरझापुरासारख्या ठिकाणीं लांबट कापडी पिशवींत लाखदाणा भरून ती निखाऱ्यांच्या भट्टीसमोर धरीत व एका टोंकाकडून पिळीत. कापडांतून वितळलेली राळ पाझरे, ती गरम पाण्याच्या नळकांड्यावर पसरीत, आणि मग एक कारागीर तो लवचिक पत्रा दोन्ही हात, दोन्ही पाय आणि दांत यांनीं धरून ताणी. निवाल्यावर पत्रा फोडला कीं मधाच्या रंगाच्या पातळ कपच्या होत. दूर देशींच्या दिवाणखान्यांत जी झिलई आरशासारखी चमके, ती या माणसाच्या दांतांतून गेलेली असे.

लाकडावर लाख चढविण्याची कला पश्चिम किनाऱ्यावर जुनी आहे. मुंबई बेट ज्याच्याकडे कांहीं काळ खंडानें होतें त्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानें १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या आपल्या ग्रंथांत लाखेवर एक स्वतंत्र संवाद लिहिला. त्यानंतर वीस वर्षांनीं गोव्यास येऊन राहिलेला डच प्रवासी लिन्स्खोटेन यानें कातारी लोकांची रीत वर्णिली आहे. लांकूड कातावर फिरत असतां त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबावयाची. घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून लांकडावर बसते, आणि मग ती घांसली म्हणजे कांचेसारखी चकाकते. सावंतवाडीच्या लांकडी फळांच्या, खेळण्यांच्या आणि गंजिफांच्या पाठीमागें हीच परंपरा आहे. चिंचोक्याची खळ व खडूची पूड लावून ताठ केलेली कापडाची गोल चकती, तिच्यावर दशावताराचें चित्र, आणि त्यावर लाखेचा लेप, अशी ती गंजिफा असे. हातोहातीं फिरणाऱ्या पानांवरचें चित्र त्या लेपाच्या आश्रयानें टिके.

युरोपांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं या लाखेला नवें रूप मिळालें. चपडा स्पिरिटांत विरघळवून, कापसाचा बोळा सुती फडक्यांत गुंडाळून, त्याला जवसाच्या तेलाचा एखादा थेंब लावून, गोल गोल फिरवीत थरावर थर चढवावयाचे, ही ती ‘फ्रेंच पॉलिश’ची रीत. स्पिरिट उडून जातें आणि केंसाहून पातळ असा लाखेचा थर मागें राहतो. असे शेंकडों थर बसले म्हणजे लांकडाचे धागे पाण्याखालून दिसावेत तसे दिसूं लागतात. मुंबईपुण्याच्या पॉलिशवाल्यांनीं ही विद्या हातीं घेतली आणि सागवानी कपाटांना व शिसवी पलंगांना ती झिलई आणली. पावसाळ्यांत मात्र जाणता पॉलिशवाला बोळा हातीं धरीत नसे, कारण दमट हवेंत स्पिरिट उडतांना पृष्ठ थंड होऊन ओल धरतें आणि थरावर पांढुरकी छटा येते.

ग्रामोफोन आला तेव्हां लाखेचें राज्य पूर्ण झालें. एमिल बर्लिनर यानें १८९५ च्या सुमारास कठीण रबराच्या तबकड्या सोडून लाखेच्या मिश्रणाच्या तबकड्या पाडण्यास सुरुवात केली. १९०२ सालीं कलकत्त्यांत गोहरजानच्या गाण्याचें मुद्रण झालें, आणि १९०८ सालीं त्याच शहरांत तबकड्यांचा कारखानाहि निघाला. छोटा नागपूरची लाख आतां गाणें होऊन घरोघर जाऊं लागली. ज्या पेटींत तबकडी फिरे तिच्यावरचें पॉलिशहि पुष्कळदां त्याच लाखेचें असे. आंत लाख आणि बाहेरहि लाख.

पण ज्या वस्तूवर सारें जग अवलंबून राहतें तिला पर्याय शोधणारेहि लौकरच निघतात. विजेच्या उद्योगाला तारा व वेटोळीं लपेटण्यासाठीं लाख हवी होती, मागणी वाढत होती, आणि किड्यांच्या वेगाला मर्यादा होती. बेल्जियममध्यें जन्मलेला व अमेरिकेंत स्थायिक झालेला रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलंड लाखेचा कृत्रिम पर्याय शोधण्यासाठींच प्रयोगाला बसला होता. त्याला सांपडलें तें भलतेंच. फेनॉल व फॉर्माल्डिहाइड यांच्या संयोगानें झालेला त्याचा पदार्थ एकदां उष्णतेनें घट्ट झाला कीं पुन्हां वितळतहि नसे आणि स्पिरिटांत विरघळतहि नसे. १९०७ सालीं त्यानें त्याच्या पेटंटासाठीं अर्ज केला आणि १९०९ सालीं तो जगापुढें मांडला. तोच बेकेलाइट. १९३४ सालीं इंग्लंडांत एको कंपनीनें काढलेला, वेल्स कोट्स यानें रेखाटलेला वाटोळा रेडिओ याच पदार्थाचा होता. तेथें लेपाचा प्रश्नच उरला नाहीं, कारण पेटी आणि तिची झिलई एकाच सांच्यांतून निघत होती.

लांकडी पेट्यांच्या बाबतींत लाखेला खरा प्रतिस्पर्धी मिळाला तो नायट्रोसेल्युलोज लॅकर. कापसावर नत्राम्लाची क्रिया करून हा पदार्थ होतो, आणि बिनधुराच्या बंदुकीच्या दारूचा तो सख्खा भाऊ आहे. १९२३ सालीं ड्यू पाँ व जनरल मोटर्स या अमेरिकन कंपन्यांनीं तो मोटारींच्या रंगासाठीं आणला, आणि जें काम पूर्वीं आठवडे घेई तें दिवसांवर आलें. रेडिओचे कारखाने त्याच वेळीं भरास येत होते. एका पेटीमागें दिवसचे दिवस बोळा फिरविणारा कारागीर त्यांना परवडण्यासारखा नव्हता. फवाऱ्याच्या पिचकारीनें एक माणूस दिवसभरांत ढिगानें पेट्या रंगवूं लागला. लाक्षागृहाचा धडा मात्र पुन्हां घ्यावा लागला, कारण या लॅकरच्या वाफा ठिणगीची वाटच पाहत असतात.

या लॅकरमध्यें कारखानदारांनीं आणखी एक कसब साधलें. लॅकरांतच रंग मिसळून साध्या, फिक्या लांकडाच्या कडा गडद करावयाच्या, म्हणजे स्वस्त लांकूडहि अक्रोडासारखें दिसतें. कांहीं अमेरिकन पेट्यांवर तर लांकडाच्या रेषांचें चित्रच छापून त्यावर पारदर्शक लॅकर मारीत. आजच्या दुरुस्तीच्या दृष्टीनें ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. अशी पेटी जुना रंग काढावा म्हणून खरवडली, तर खालून अक्रोड निघत नाहीं. फिकें, ओळखहि न पटणारें लांकूड निघतें. पेटीचें रूप लांकडांत नव्हतेंच, तें लेपांत होतें.

१९४२ सालीं दुसऱ्या महायुद्धामुळें अमेरिकन सरकारनें तबकड्यांसाठीं लाख वापरण्यावर कडक बंधन घातलें. जुन्या तबकड्या परत घेऊन, दळून, त्यांतून नव्या पाडण्याची वेळ तेथें आली. लाखेची तबकडी मोडली तरी तिचें पुन्हां कांहीं तरी होऊं शकतें, हें त्या टंचाईनें सिद्ध केलें. १९४८ सालीं व्हिनिलची दीर्घकाळ चालणारी तबकडी आली आणि हळूहळू लाखेची तबकडी मागें पडली. भारतांत ती १९६० नंतरहि कांहीं वर्षें निघत होती.

इकडे ध्वनिवर्धक घरांतून बाहेर पडला होता. १९४५ च्या सुमारास अमेरिकेंतील आल्टेक लॅन्सिंग कंपनीनें सिनेमागृहांसाठीं ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ या नांवाचे कपाटाएवढे ध्वनिवर्धक काढले. ते पडद्यामागें अंधारांत उभे राहावयाचे, म्हणून त्यांना झिलई नव्हतीच; करडा रंग एवढाच त्यांचा पोशाख. पुढें संगीताच्या मंडळ्या ध्वनिवर्धक मोटारींत घालून गांवोगांव नेऊं लागल्या. गिटारच्या ध्वनिवर्धकांना प्रथम प्रवासी बॅगांचें जाड कापड डकवीत, नंतर चामड्यासारखें दिसणारें व्हिनिल आलें, कोठें गालिच्याचें कापडहि आलें. कापड फाटे, गालिचा भिजे, आणि कोपरे तर रोजच आपटत. या पेट्यांना झिलईचा उपयोग नव्हता. त्यांना चिलखत हवें होतें.

तें चिलखत रसायनशाळेनें दिलें. जर्मनींत लेव्हरकुझेन येथें १९३७ सालीं ओटो बायर व त्याचे सहकारी यांनीं पॉलीयुरेथेनचें रसायन शोधलें, आणि कठीण, न विरघळणारीं रोगणें त्यांतून निघालीं. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत फवाऱ्याच्या पॉलीयुरियाचा उदय झाला. आयसोसायनेट आणि अमाइन या दोन द्रवांचे फवारे पिचकारीच्या तोंडाशींच एकत्र येतात आणि कांहीं सेकंदांत लवचिक, जाड, खरखरीत कातडें तयार होतें. मालमोटारींचे हौदे ज्यानें झांकतात तोच हा लेप. गणेशोत्सवाच्या मिरवणुकींत भर पावसांत उघड्या मोटारीवर रचलेल्या पेट्यांना असें कवच असलें तर तें योग्यच आहे. तेथें लाखेचें पॉलिश एक दिवसहि टिकणार नाहीं. पण या कवचाची किंमत दुसऱ्या ठिकाणीं मोजावी लागते. फवारणीच्या वेळीं आयसोसायनेटचे कण छातींत गेले तर दम्यासारखा विकार जडूं शकतो, आणि एकदां जडला तर पुढें त्या द्रव्याचा किंचित् संसर्गहि सोसत नाहीं. म्हणून हें काम बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा व मोकळें आवार असणाऱ्या कारखान्यांतच व्हावें. घराच्या गच्चीवर हौसेनें करण्याचें नव्हे. घरीं करावयाचें असेल तर पाण्यांत मिसळणारे, लाटण्यानें लावावयाचे जाड ॲक्रिलिक लेप मिळतात. ते तितके कणखर नसले तरी बऱ्याच पेट्यांना पुरतात.

आतां मूळ प्रश्नाकडे यावयाचें. लाखेपासून पॉलीयुरियापर्यंतच्या या प्रवासांत लेप अधिकाधिक टिकाऊ होत गेले, असें सहज म्हटलें जातें. तें अर्धेंच खरें आहे. टिकण्याचे प्रकार दोन आहेत. एक लेप असा कीं त्याला सहसा जखम होत नाहीं. दुसरा असा कीं त्याला जखम लौकर होते पण ती भरून येते. लाखेवर गरम कपाचा डाग पडतो, स्पिरिटाचा थेंब सांडला तर खळगा पडतो. परंतु त्याच स्पिरिटाचा बोळा वरून फिरविला कीं जुना थर मऊ होऊन नव्या थराशीं एकजीव होतो, आणि जोड दिसत नाहीं. नायट्रोसेल्युलोजच्या जुन्या थराला बारीक चिरा जातात. त्याच्या द्रावकाचा हलका फवारा मारला तर तो पुष्कळदां पुन्हां वितळून सांधला जातो. पॉलीयुरेथेन किंवा पॉलीयुरिया यांना हा मार्गच नाहीं. ते वर्षानुवर्षें अभेद्य राहतात, आणि ज्या दिवशीं फुटतात किंवा सुटतात त्या दिवशीं खरवडून काढण्यावांचून उपाय नसतो. खरवडतांना खालचा पापुद्रा राहीलच याची खात्री नसते, कारण तो एका मिलिमीटरहूनहि पातळ असतो.

म्हणून जाणते कारागीर पेटी हातीं आली कीं प्रथम खरकागद घेत नाहींत. ते आधीं मऊ, किंचित् ओल्या फडक्यानें मळ काढतात. पुष्कळ वेळां गेलेली वाटणारी झिलई नुसत्या धुराच्या व मेणाच्या पुटाखालीं लपलेली असते. मग पेटीच्या तळाशीं, कोणाला दिसणार नाहीं अशा जागीं, स्पिरिटाचा बोळा लावून पाहतात. लेप चिकट झाला तर ती लाख. स्पिरिटानें विशेष कांहीं झालें नाहीं पण लॅकरच्या थिनरनें मऊ पडला, तर बहुधा नायट्रोसेल्युलोज. दोहोंनाहि दाद दिली नाहीं, तर कोणी तरी नंतर चढविलेलें रोगण किंवा रंग. जुन्या करड्या वा काळ्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो. असा रंग कोरडा घांसून त्याची धूळ घरांत उडविणें मुलाबाळांना घातक आहे. आंतील यंत्र, कागदी शंकु आणि समोरचें कापड हीं काढून बाजूला ठेवल्यावांचून कोणताहि फवारा मारावयाचा नसतो; शंकूवर बसलेला लेपाचा एक थरहि त्याचा आवाज बिघडवितो. सुटलेले सांधे व पापुद्रे आधीं डकवून, पेटी पूर्ण वाळवून, मगच लेप. ओल्या लांकडावर अभेद्य कवच चढविणें म्हणजे चोराला आंत ठेवून दार लावणें. फळीच्या एकाच बाजूला जाड लेप दिला व दुसरी उघडी ठेवली, तर दोन्ही बाजू सारखा ओलावा घेत नाहींत आणि फळी वाकते, ही गोष्टहि ते विसरत नाहींत.

पेटीचें आयुष्य पुढें कसें जाणार, यावरून लेप ठरवावा, असा या इतिहासाचा निष्कर्ष आहे. जी पेटी रोज मोटारींत चढावयाची आणि मांडवांत उभी राहावयाची आहे, तिला कठीण कवच द्यावें. तिथें रूप जपणें हा भाबडेपणा होय. परंतु जिच्यावर कारखान्याची नाममुद्रा, पापुद्र्याची जोडणी आणि एखाद्या कारागिराच्या हाताची छटा अजून शाबूत आहे, तिला असा लेप द्यावा कीं पुढच्या पिढीला तो उतरवितां येईल. वस्तुसंग्रहालयांतील जतनकारहि शक्यतों हाच नियम पाळतात: केलेली दुरुस्ती पुढच्याला उलगडतां आली पाहिजे. कारण पुढच्याच्या हातीं अधिक चांगलें ज्ञान असेल, ही शक्यता प्रत्येक पिढीनें मान्य करावयाची असते.

लाखेचा अस्त मात्र झालेला नाहीं. १९२४ सालीं रांचीजवळ नामकुम येथें लाखेच्या संशोधनासाठीं संस्था स्थापन झाली. तिचें नांव पुढें बदललें, पण काम चालू राहिलें. औषधाच्या गोळ्यांवर, मिठाईवर, फळांवर आजहि लाखेचा पातळ लेप असतो, आणि वाद्यें घडविणारे कारागीर ती अजून मुद्दाम मागतात. छोटा नागपूरच्या डहाळ्यांवर ते बारीक किडे आपलीं घरें बांधीतच आहेत. ज्या वस्तूला अथर्ववेदानें जखम सांधणारी म्हणून हांक मारली, तिच्या अंगीं कठीणपणा कधींच फारसा नव्हता. तिची थोरवी पुन्हां सांधतां येण्यांत आहे, आणि जुन्या पेटीवर नवा लेप चढवितांना सांभाळावयाचा गुणहि हाच आहे.